मारवा, डिस्को भैरवी आणि साइडची शेवटची चार मिनिटं

या खेपेला घरात आलेल्या रेकॉर्ड्स बघून नवरा म्हणाला, तुझी नेमकी आवड काय आहे ते एकदा ठरव बाई. त्याचंही बरोबर आहे, कारण खोक्यात वरून खाली अमीर खाँ, फेला कुटी, लॉर्ना, 'जैत रे जैत', माइल्स डेव्हिस, चरणजित सिंग, शोलेचे डायलॉग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ७८ (मिनिटाला ७८ फेरे मारणारी जुनी तबकडी) असा सगळा भेळभत्ता होता. काही जुन्या बाजारातल्या, काही ऑनलाइन मागवलेले रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्ड्सच्या नव्याने काढलेल्या प्रती. आणि हो, बोनी एम पण आहे, ती मी घेतली नव्हती, ती गठ्ठ्यात आपोआप येते. भारतातल्या कुठल्याही जुन्या रेकॉर्ड्सच्या गठ्ठ्यात बोनी एम, ॲबा आणि 'सॅटरडे नाइट फीव्हर' यातलं काहीतरी निघतंच, न निघाल्यास गठ्ठा संशयास्पद समजावा.

पण या सगळ्या लागोपाठ ऐकल्या आणि एक गोष्ट डोक्यात बसली ती काही जाईना. संगीत कुठलंही असो, साइड किती मिनिटांची आहे आणि त्यातली शेवटची चार मिनिटं रेकॉर्डवर कुठे पडतात यावर ऐकण्याचं बरंचसं ठरतं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते, हा वेग बाहेरच्या कडेला तोच आणि आत लेबलजवळही तोच. पण बाहेरचा फेरा मोठा असतो ना, त्यामुळे तिथे सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर ग्रूव्ह (चर) सरकते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत हेच २०-२२ वर येतं. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यामुळे आतल्या कडेला स, श, झांजा, तुताऱ्या, जोरात लावलेला वरचा सा, हे सगळं जरा कुरकुरायला लागतं. इंग्रजी पॉपवाल्यांनी यावर सोपा उपाय काढला, साइडच्या शेवटी शक्यतो एखादं हळू शांत गाणं टाकायचं. आपल्या ख्यालाची पंचाईत अशी की त्याचा क्रम बदलताच येत नाही. विलंबित (संथ) आधी, द्रुत (जलद) नंतर, ताना शेवटी. म्हणजे गाणं जसजसं तापत जातं तसतशी रेकॉर्ड कमजोर होत जाते!

हे सगळ्यात जास्त जाणवलं ते अमीर खाँसाहेबांच्या एलपीवर. १९६० ची ती प्रसिद्ध एचएमव्ही, एका बाजूला राग मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. माझ्याकडची कॉपी नंतरच्या प्रेसिंगची आहे, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी मिळाली. विकणारे चाचा म्हणाले ताई एकदम मक्खन आहे, आणि असं म्हणत शर्टाच्या बाहीनेच रेकॉर्ड खसाखसा पुसली, मी नाही नाही म्हणेपर्यंत एक नवा ओरखडा पडलासुद्धा असेल. बाराशेपासून सुरू होऊन आठशेला सौदा तुटला. घरी आणून धुतली, उन्हात नाही पंख्याखाली वाळवली, आणि मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले कारण मारवा दुपारी दोनला ऐकला तर आमच्या बाई (माझ्या गाण्याच्या) स्वप्नात येऊन रागावतील.

आता हा मारवा मी मोबाइलवर इतक्यांदा ऐकलाय की मला वाटत होतं तो मला पाठ आहे. पण सुई ठेवल्यावर सुरुवातीची थोडी खरखर, मग तंबोरा, आणि मग तो खालचा आवाज जो असा येतो की आधीपासूनच चालू होता आणि आपणच आत्ता खोलीत शिरलोय. ताल झुमरा, चौदा मात्रा, आणि लय इतकी सावकाश की सम कधी येणार याची काळजी तबलेवाल्याने करावी, खाँसाहेबांना काही नाही. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि सा अगदी समोर दिसत असून तिथे जाऊन बसायचं नाही. कोमल रे आणि शुद्ध ध यांच्यात नुसतं घुटमळत राहायचं. फोनवर ऐकताना आपण मधेच पुढे ढकलतो, खोटं कशाला बोला. रेकॉर्डवर ते करायला उठावं लागतं, म्हणून बसून राहिले, आणि दहाबारा मिनिटांनी ते खाँसाहेब एकदाचे सा वर आले तेव्हा अक्षरशः हुश्श झालं, नवरा आतून विचारतो काय झालं. काही नाही म्हटलं, सा लागला.

मला यातलं कौतुक याचं वाटतं की या माणसाला साइडला वीस-बावीस मिनिटं मिळाली होती, मैफलीत जो राग तासभर चालायचा तो एवढ्यात बसवायचा होता, तरी सुरुवातीला कुठेही घाई नाही. दुसरा कुणी असता तर विलंबित आटोपशीर घेऊन ताना दाखवायला पळाला असता. आणि मग द्रुत येतं, सरगम येते, ताना येतात, आणि सुई तोवर लेबलच्या जवळ गेलेली, माझ्या कॉपीवर नेमक्या तिथल्या चरी मागच्या मालकाने कुठल्यातरी बोथट सुईने खाल्लेल्या. तार सप्तकात आवाज गेला की कडेला फाटल्यासारखा येतो. दोन-तीनदा कार्ट्रिजचा कोन नीट केला, वजन पाव ग्रॅम वाढवून पाहिलं, थोडा फरक पडला. दरबारीची बाजू मात्र खूप स्वच्छ आहे, बहुतेक घरात लोक मारवाच लावत असणार.

त्याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे ती ७८. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, 'पिया बिन नाही आवत चैन'. दहा इंची, लाखेची, हातात घेतली की जड आणि पडली तर काचेसारखी फुटणारी. एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं, बस. तिथे घुटमळायला वेळच नाही, पहिल्याच सुरात राग उभा. आणि तरीही ती घाई वाटत नाही हे मला अजून कळलेलं नाही कसं जमवलं ते, बोल पुन्हा घेताना दर वेळी वेगळ्या वळणाने घेतात, आणि संपतं तेव्हा काही राहिलं असं वाटत नाही. सैगलने हीच ठुमरी पुढे 'देवदास'मध्ये गायली. मिरजेला दर्ग्यापाशी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं, एकदा गेले होते, रात्रभर, तिथे एकेक जण तासभर गातो आणि ज्यांच्या नावाने चाललंय ते आपल्याला फक्त या साडेतीन साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत मिळतात. १९३७ ला गेले, एलपी आली १९४८ मध्ये. अकरा वर्षं फक्त! अर्थात असं म्हणत बसलं तर गवई भास्करबुवा बखल्यांचं तर काय, तिकडे रेकॉर्ड काहीच नाही.

नवीन लोकांसाठी एक सूचना, ७८ ला एलपीची सुई लावू नका. ७८ ची चर रुंद, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची १ मिलच्याही आतली, ती त्या चरीच्या तळाशी नुसती खडखडत लोळते आणि वर धूळ सोडून काही ऐकू येत नाही. आणि एलपी धुवायला आपण जे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतो ते ७८ वर चुकूनही टाकू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. साधं डिस्टिल्ड वॉटर, एक थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, झालं.

'जैत रे जैत' मला किती वर्षं हवी होती विचारू नका. सिनेमा १९७७ चा, हृदयनाथांचं संगीत, महानोरांचे शब्द. ही मला एका घरातून मिळाली, त्यांचा वाडा बिल्डरकडे चालला होता, माळ्यावरचं सगळं काढत होते. कव्हरच्या मागे गाण्यांची यादी आहे आणि तिथे कुणीतरी पेन्सिलीने काही गाण्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्यात, अगदी शाळेतल्या मास्तरांसारख्या, आणि एका गाण्यापुढे बारीक अक्षरात लिहिलंय 'उडी मारते'. आणि खरंच मारते! 'जांभुळपिकल्या झाडाखाली'मध्ये सुई टुणकन पुढे जाते. मी ब्रशने, पाण्याने, शेवटी लाकडी टूथपिकने भिंगातून बघत बघत तो कण काढला, काहीतरी चिकट होतं, बहुतेक कधीकाळी कुणीतरी सरबत सांडलं असणार. आता उडी नाही, एक छोटासा टक येतो. ती पेन्सिलीची नोंद मात्र खोडायला मन होत नाही.

या रेकॉर्डमध्ये मजा आहे ती कोरसची. फोनवर 'आम्ही ठाकर ठाकर' लागलं की मागचे सगळे आवाज एक गोळा होऊन येतात. इथे एकेक गळा सुटा ऐकू येतो, रवींद्र साठेंचा तो घुमणारा आवाज, चंद्रकांत काळेंचा त्यापेक्षा वेगळाच धारदार, ढोलाचं कातडं वाजल्यावर जे थोडं मागे हलत राहतं ना ते सुद्धा. 'नभ उतरू आलं' मध्ये आशाबाई ओळीच्या शेवटी श्वास सोडतात तो श्वास. छोटी छोटी गाणी, एक संपून दुसरं लागतं आणि डोंगरातून डोंगरात गेल्यासारखं वाटतं, इथे साइडच्या लांबीची कुणाला तक्रार नाही. फक्त मला 'मी रात टाकली' नंतर दोन मिनिटं शांतता हवी असते आणि रेकॉर्ड ती देत नाही.

आता चरणजित सिंग. हे प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस, १९८२ साली त्याने रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं जमवली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस मशीन, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड केले. एचएमव्हीने काढली, कुणी विचारलं नाही, विसरले. मग १९८७ मध्ये शिकागोहून ॲसिड हाउस म्हणून जे संगीत आलं ते त्याच ३०३ च्या चुळबुळणाऱ्या आवाजावर उभं होतं, आणि २०१० मध्ये एका डच माणसाने चरणजितची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा सगळी दुनिया ऐकून थक्क, की हे मुंबईत पाच वर्षं आधीच झालं होतं? त्याने शोध लावला वगैरे मी म्हणणार नाही, त्याचा शिकागोशी काही संबंध नव्हता, यंत्र एकच होतं म्हणून आवाज एक आला. पण ऐकायला भन्नाट आहे हे खरं.

मूळ कॉपीची किंमत ऐकून घाम फुटतो, माझी अर्थात रीइश्यू. आणि सुरुवात कशाने तर मैफल जिने संपवतात त्या भैरवीने! पहिलाच ट्रॅक. मैफल बसायच्या आत निरोपाचा विडा हातात. मग ललत, मग भूपाळी, तोडी, मधुवंती, मधेच मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. वेळेचा काही मेळ नाही, पहाट दुपार रात्र सगळं एका डिस्कोच्या फिरत्या दिव्याखाली. आमच्या बाईंना ऐकवायची हिंमत माझ्यात नाही. पण गंमत बघा, प्रत्येक राग पाचेक मिनिटांत, म्हणजे पुन्हा जवळपास ७८ चाच हिशोब. आणि लय पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच असल्यामुळे आतल्या कडेला गाणं तापण्याचा प्रश्नच येत नाही, मशीन कुठे तापतंय. सगळे राग चांगले झालेत असं नाही. मालकंस आणि कलावती जबरदस्त, कारण स्वर पाचच आणि ३०३ ची घसरती मींड त्यांना चिकटून बसते. तोडी मात्र हुकलीय, तोडीचा गंधार जिथे लागायला हवा तिथे कीबोर्डची पट्टी येते, आणि पट्टी तर पट्टीच. ललतचंही थोडं तेच.

जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'बद्दल मी नवीन काय सांगणार, प्रत्येकाकडे असते, माझ्याकडेच नव्हती. १९५९ ची. एक मात्र सांगते, त्यातलं पहिलं गाणं ज्या स्केलमध्ये आहे त्यात गंधार निषाद कोमल आणि बाकी शुद्ध, म्हणजे आपला सरळ काफी थाट. तंबोऱ्याचं ॲप डी मध्ये लावून बरोबर ठेवलं तर आठ-दहा मिनिटं काही बिघडत नाही, फक्त मधे ते लोक अख्खा षड्जच अर्ध्या सुराने वर उचलतात तेव्हा ॲप बंद करायला पळावं लागतं. आणि हे जुन्या प्रेसिंगवर केलंत तर सुरुवातीपासूनच जमणार नाही, कारण पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगला टेप मशीन थोडं हळू चाललं होतं, त्यामुळे पहिली अख्खी साइड कित्येक वर्षं किंचित चढी वाजत होती. नव्वदच्या दशकात दुसऱ्या टेपवरून ते दुरुस्त केलं. तीसेक वर्षं जगभरच्या पोरांनी त्या चढ्या सुराबरोबर आपली वाद्यं जुळवून रियाज केला असणार, बिचारी.

फेला कुटीची 'झोंबी' मी रविवारी सकाळी लावली आणि पोह्यांचा कांदा करपला, इतकं सांगितलं तरी पुरे. नायजेरिया, १९७६, सैन्यावरचं गाणं, हुकूम आला की चालायचं, हुकूम आला की थांबायचं. १९७७ च्या फेब्रुवारीत सैनिकांनी त्याच्या घरावर हल्ला करून ते जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून फेकलं, ती पुढच्या वर्षी गेली. हे माहीत असताना तो नाचरा ठेका ऐकणं विचित्र वाटतं, पाय हलतात आणि घशात काहीतरी येतं. एका साइडला एकच गाणं, बारा-साडेबारा मिनिटं. म्हणजे चरींना भरपूर ऐसपैस जागा, त्यामुळे बास असा दणदणीत येतो की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, वर ड्रिल चाललंय का. टोनी ॲलनचा ड्रम ऐका फक्त. बारा मिनिटांत तो कुठेही भाव खात नाही, नुसता वाहतो. आपल्याकडे ठेका धरून बसणाऱ्या जुन्या तबलजींची जी ऐट असायची तीच.

गोव्याच्या लॉर्नाची कोंकणी ईपी (तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड), त्यात 'बेबदो'. सात इंची, ४५ च्या वेगाने. क्रिस पेरीची गाणी, तुताऱ्यांचा सणसणीत ताफा आणि त्यावर ही बाई अशी गाते की तिला माइकची गरज नव्हती असं वाटतं. माझ्या माहेरी शेजारी गोव्याचं कुटुंब होतं त्यांच्याकडे प्रत्येक लग्नात वाजायची, शब्द निम्मे कळायचे, नाच पूर्ण कळायचा. लॉर्ना मधे वीसेक वर्षं गाण्यातून गायबच होती, १९९५ ला परत आली. कव्हर नाहीये माझ्याकडे, नुसती रेकॉर्ड एका साध्या कागदी पिशवीत, शंभर रुपये. ४५ असल्यामुळे वेग जास्त, आवाज अगदी तोंडावर आल्यासारखा, पूर्ण खोक्यातला पैसा वसूल माल हाच.

शोलेचे डायलॉग दीडशे रुपयांत. ही रेकॉर्ड विकत घेऊन कुणी ऐकत नाही, आपण सगळ्यांनी ती गणपतीच्या मांडवातून कायमची ऐकून ठेवलेली आहे. लावली, आमचा मुलगा पहिल्यांदा ऐकत होता, तो हसायच्या जागी गंभीर आणि गंभीर जागी हसला. परत कव्हरमध्ये.

आता प्रश्न मारव्याचा. दुसरी कॉपी शोधायची की सुई बदलायची? जाणकार मंडळी सांगतात की साध्या इलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईऐवजी मायक्रोलाइन (जास्त बारीक टोकाची) सुई लावली तर ती चरीच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, जिथे जुन्या बोथट सुया पोचलेल्याच नाहीत, आणि आतल्या कडेचा फाटका आवाज बराच सुधारतो. सुईची किंमत या पूर्ण खोक्याच्या किमतीएवढी. चाचांना विचारलं तर ते म्हणाले सुई कशाला घेता ताई, मारवा परत आणा, दुसरा देतो, वरून चारशे द्या. पण त्या दुसऱ्याची दरबारी कशी निघेल देव जाणे, आणि माझ्या कॉपीची दरबारी मी कुणाला देणार नाही. कुणाकडे मायक्रोलाइन असेल तर पुण्यात एकदा ऐकवा, रेकॉर्ड मी घेऊन येते, संध्याकाळी सहानंतर.